कपाट नंतर, आधी फूटपट्टी : नागपूरच्या घरात पुस्तकांसाठी जुनं, मधलं की नवं?

माझ्या पहिल्या पुस्तकांच्या कपाटाचा जीव पावसाने नाही, कूलरने घेतला. एप्रिलमध्ये सज्ज्यावरून कूलर उतरला, वाळ्याच्या ताट्या बदलल्या, खिडकीला लावला आणि वाऱ्याचा झोत थेट समोरच्या भिंतीवर. त्या भिंतीला भुसा दाबून केलेल्या बोर्डाचं नवंकोरं, पांढरंशुभ्र कपाट होतं. मेअखेर, नवतपा सुरू व्हायच्या सुमारास, खालचे दोन कप्पे भिजलेल्या पावासारखे फुगले होते. आतल्या पुस्तकांची पानं लाटालाटांची झाली होती. बाहेर हवा इतकी कोरडी, की ओठ फाटत होते आणि घरात बुरशी!

नागपूरचा हा विचित्रपणा लक्षात न घेता कपाट घेतलं, तर ते शंभर वर्षांचं असो की कालचं, फसतंच. मुंबईत दमटपणा बारमाही, राजस्थानात कोरडेपणा बारमाही. आपल्याकडे मार्चमध्ये लाकूड सुकून आकसतं, एप्रिल-मेमध्ये कूलर त्याला आतून ओलावतो, जून ते सप्टेंबर पाऊस फुगवतो आणि हिवाळ्यात ते पुन्हा आकसतं. शिवाय वाळवी आहेच. म्हणून या लेखात आधी पुस्तकं, मग भिंत आणि मग कपाट. दुकानदार याच्या बरोबर उलट क्रमाने जातो.

पहिली पायरी : पुस्तकं मोजा

घरातली सगळी पुस्तकं जमिनीवर काढा आणि भिंतीलगत कणा वर करून ओळीत उभी लावा. टेपने ओळीची लांबी घ्या. मोजायचं जिवावर आलं असेल तर ढोबळ हिशेब असा: मराठी पुस्तक सरासरी पाऊण इंच जाड धरलं, तर एका फुटात पंधरा-सोळा पुस्तकं बसतात. पाचशे पुस्तकांना तेहेतीस फूट लांबीची फळी लागते. तीन फूट रुंद, सहा कप्प्यांचं कपाट म्हणजे अठरा फूट. पाचशे पुस्तकांना एक कपाट पुरत नाही, दोन लागतात, आणि त्या दोनांतही येत्या दोन-चार वर्षांच्या खरेदीपुरती जागा उरते, फार नाही.

आता उंची. आपल्याकडच्या कथा-कादंबऱ्या बहुतेक डेमी आकाराच्या, साडेआठ इंच उंच. त्यांना दहा इंचांचा मोकळा कप्पा भरपूर झाला. शब्दकोश, चित्रांची पुस्तकं, मुलांचे ॲटलास आणि मुख्य म्हणजे दिवाळी अंक यांना बारा-तेरा इंच लागतात. मराठी घरातल्या कपाटाची खरी परीक्षा दिवाळी अंकच घेतात. ते उभे राहत नाहीत, मऊ कण्यामुळे वाकून बसतात, टाकवत तर अजिबात नाहीत. त्यांच्यासाठी तळाचे दोन कप्पे उंच ठेवा आणि अंक आडवे, सात-आठच्या गठ्ठ्यांत रचा.

तिसरं माप सर्वांत महत्त्वाचं: खोली. डेमी पुस्तक साडेपाच इंच रुंद असतं. दहा इंच खोल कपाट पुरतं, मोठ्या पुस्तकांसाठी बारा. याहून खोल फळीवर पुस्तकं दोन रांगांत जातात आणि मागच्या रांगेतलं पुस्तक आपल्याकडे आहे हे विसरून आपण ते पुन्हा विकत घेतो. माझ्याकडे अशा जोड्या चार आहेत.

ही तीन मापं एका चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवा. पुढे बाजारात तीच आपला वकील.

दुसरी पायरी : भिंत निवडा

कूलरच्या झोतासमोरची भिंत बाद. न्हाणीघराला लागून असलेली भिंत बाद. पाइप गळत नसला तरी ती थंड आणि ओलसर राहते. पश्चिमेची, दुपारभर तापणारी भिंतही शक्यतो नको, कारण मे महिन्यात ती रात्री दहालासुद्धा हाताला गरम लागते आणि पुस्तकाच्या कण्याचा डिंक ठिसूळ होतो. उरते ती घराची मधली भिंत, दोन खोल्यांमधली. तिथेच कपाट शोभतंही.

तळमजल्यावर किंवा स्वतंत्र घरात राहत असाल तर भिंतीच्या तळाशी मातीच्या बारीक नळ्या आहेत का ते बॅटरी मारून बघा. वाळवी, आपल्याकडे म्हणतात ती उधई, अशाच नळ्यांतून चढते. नळी दिसली तर कपाटाचा विचार थांबवून आधी औषध मारून घ्या. नुसती नळी झाडूने पाडली तर आठवड्यात नवी उभी राहते.

फ्लॅट स्कीममध्ये राहणाऱ्यांनी वजनाचा हिशेब करायला हवा. पुस्तकं उभी लावली की एका मीटरला साधारण तीस किलो भरतात. मघाच्या तीन फुटी कपाटात साडेपाच मीटर फळी, म्हणजे एकशे पासष्ट किलो पुस्तकं, अधिक सागवानी कपाटाचं स्वतःचं साठ-सत्तर किलो. घरगुती स्लॅब भारतीय मानकांनुसार चौरस मीटरला सुमारे २०० किलो वापराचा भार धरून काढतात. भिंतीलगत, खाली बीम असेल तिथे एकदोन कपाटांनी काही होत नाही. पण खोलीभर, चारही भिंतींना किंवा खोलीच्या मधोमध पाठीला पाठ लावून रांगा करायच्या असतील, तर बांधकामाच्या इंजिनिअरला एकदा नकाशा दाखवा.

तिसरी पायरी : जुनं म्हणजे नेमकं किती जुनं?

बाजारात ‘अँटिक’ हा शब्द पोह्यावर कोथिंबीर टाकावी तसा टाकतात. व्यापारातला सर्वमान्य अर्थ शंभर वर्षं किंवा अधिक. आपल्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्यातही वस्तूंसाठी शंभर वर्षांचीच मर्यादा आहे, आणि त्याचा व्यवहारात अर्थ असा की अशी वस्तू खासगी माणसाला परदेशी नेता येत नाही. अमेरिकेतल्या भाच्याला आजोबांचं कपाट पाठवण्याचे बेत करण्याआधी हे माहीत असलेलं बरं. ‘व्हिंटेज’ म्हणजे साधारण १९३० ते १९८० च्या काळातलं, एखाद्या विशिष्ट घडणीचं. त्यानंतरचं ते नवं.

पण एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. इंग्लंडमध्ये रोजनिशीकार सॅम्युएल पेपिसने काचेची दारं लावलेली पुस्तकांची कपाटं करून घेतली ती १६६६ साली, म्हणजे महाराज आग्र्याहून निसटले त्याच वर्षी. ती कपाटं आजही केंब्रिजला आहेत. त्या काळी आपल्याकडे पोथ्या होत्या, सुट्या पानांच्या, दोन फळ्यांमध्ये धरून कापडात बांधलेल्या. बासनात गुंडाळून ठेवणे हा वाक्प्रचार तिथलाच. पोथी उभी राहत नाही, आडवी निजते, म्हणून तिची जागा भिंतीतलं फडताळ, कोनाडा किंवा पेटारा. उभ्या पुस्तकांसाठी केलेलं उथळ कपाट आपल्याकडे इंग्रजी अमदानीत, वकील, प्राध्यापक, वाचनालयं आणि कचेऱ्या यांच्याबरोबर आलं.

म्हणजेच नागपुरात कोणी ‘शंभर वर्षांचं पुस्तकांचं कपाट’ दाखवलं, तर बहुतेक वेळा ते कपड्यांचं किंवा भांड्यांचं कपाट असतं आणि आत नंतर फळ्या ठोकलेल्या असतात. पाकिटातली चिठ्ठी काढा आणि खोली मोजा. अठरा ते बावीस इंच भरली तर ते मूळचं कपड्यांचं. वाईट नाही, पण त्याला त्याच नावाने आणि त्याच भावाने घ्या. वापरायचंच असेल तर प्रत्येक फळीवर मागच्या अर्ध्या भागात चार इंच उंचीची लाकडी पायरी बसवा, म्हणजे मागच्या रांगेतली नावं वाचता येतात.

चौथी पायरी : जुनं कपाट तपासणं

आपलं शहर या बाबतीत भाग्यवान. १९५६ पर्यंत इथे राजधानी होती, १९३६ पासून स्वतंत्र हायकोर्ट होतं, सिव्हिल लाइन्सचे बंगले होते, धंतोली-रामदासपेठेतली वकील-डॉक्टरांची घरं होती. आणि चांगला साग दाराशी होता: आलापल्ली, बल्लारशाकडचा, जो जुने लोक अजून ‘सी.पी. टीक’, म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेसचा साग, म्हणून ओळखतात. २०२३ साली अयोध्येच्या मंदिरासाठी लाकूड गेलं ते याच चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातलं. तरीही विक्रेता सांगणार ‘बर्मा टीक’च. मला असंच एक कपाट विकलं गेलं होतं. ‘काय पाहून राहिले भाऊ, पक्कं बर्मा आहे, डोळे मिटून घेऊन जा.’ मी खरंच डोळे मिटले. घरी आणून ओल्या फडक्याने पुसलं तर फडकं तपकिरी झालं आणि खालून आंब्याच्या लाकडाचा फिकटपणा डोकावला.

तेव्हापासून मी पुढच्या क्रमाने बघतो.

आधी मागची बाजू. कपाट भिंतीपासून ओढायला लावा; विक्रेता कुरकुरला तर ते स्वतःच एक उत्तर आहे. दर्शनी भागाला रंग-पॉलिश करता येतं, पाठीला कोणी करत नाही. पाठ मूळच्या फळ्यांची असेल तर त्या एकसारख्या काळवंडलेल्या असतात. पाठीला प्लाय ठोकला असेल तर दुरुस्ती झाली आहे, आणि ती बहुधा वाळवीमुळे.

मग सांधे. खण बाहेर ओढा आणि कोपरा बघा. हाताने कापलेले एकमेकांत गुंतलेले दाते थोडे असमान असतात, यंत्राचे अगदी एकसारखे. चौकटीच्या सांध्यात खाचेत कुसू, म्हणजे दुसऱ्या लाकडाची जीभ, बसवून वरून लाकडी खुंटी मारलेली असेल तर उत्तम. ती खुंटी बोटाला किंचित वर आलेली लागते, कारण भोवतालचं लाकूड वर्षानुवर्षं आकसलं आणि खुंटी लांबीच्या दिशेने आकसत नाही. हे नकली करणं कठीण.

स्क्रू बघा. अधिकच्या चिन्हाची खाच असलेले स्क्रू १९३० च्या दशकात अमेरिकेत आले. बिजागरीला तसे स्क्रू असतील आणि शेजारी जुनं बुजवलेलं भोक नसेल, तर ‘शंभर वर्षं’ हा दावा तिथेच गळाला. काचेसमोर तिरपं उभं राहून खिडकीचं प्रतिबिंब पाहा. तरंगणारी, पाण्यासारखी हलणारी रेघ दिसली तर काच जुनी. आजची सपाट काच ज्या पद्धतीने बनते ती इंग्लंडमध्ये १९५९ साली जाहीर झाली. एखादी काच बदललेली असणं स्वाभाविक आहे, सगळ्याच सपाट असतील तर विचारा.

पॉलिशसाठी खिशात स्पिरिटची छोटी बाटली ठेवा. दाराच्या आतल्या कोपऱ्यात, परवानगी घेऊन, कापसाने एक थेंब लावा. चिकट झालं तर ते चपडीचं, म्हणजे लाखेचं जुन्या पद्धतीचं पॉलिश. काहीच झालं नाही तर वर मेलामाइन किंवा पीयूचा नवा थर आहे.

शेवटी किडा. सागाच्या गाभ्याला वाळवी आणि भुंगा सहसा तोंड लावत नाहीत, कारण त्यातलं नैसर्गिक तेल त्यांना सोसत नाही. पण झाडाच्या सालीलगतचा फिकट, पांढरट भाग दोघांनाही चालतो. म्हणून ‘सागवान आहे, कीड लागत नाही’ हे वाक्य अर्धंच खरं. फळ्यांच्या कडेला असा पांढरट पट्टा किती आहे ते बघा. टाचणीच्या टोकाएवढी गोल भोकं असतील तर खाली काळा कागद अंथरून कपाटाला दोनचार थापा मारा. पिठासारखी ताजी, फिकट भुकटी पडली तर भुंगा आत जिवंत आहे. भोकं जुनी, काळपट आणि कोरडी असतील तर घाबरायचं कारण नाही. तळाच्या फळीत आणि पायांत पेचकस दाबून पाहा. लाकूड रेटा देईल, वाळवीने पोखरलेलं पापडासारखं आत जाईल.

रंगवलेलं जुनं कपाट असेल तर आणखी एक सावधगिरी. घरगुती रंगातल्या शिशावर आपल्याकडे कडक मर्यादा २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगाचे पापुद्रे निघत असतील आणि घरात लहान मूल असेल तर ते कपाट कोरडं घासू नका. धुळीतून शिसं पोटात जातं.

किंमत कशी ठरवायची? इथे लकडगंज, आपला लाकूडबाजार, कामाला येतो. तिथे साग घनफुटावर विकला जातो. सहा फूट उंच, तीन फूट रुंद, एक फूट खोल कपाटात एक इंची फळ्या धरल्या तर दोन बाजू बारा चौरस फूट, आडव्या सहा फळ्या अठरा चौरस फूट, अर्ध्या इंचाची पाठ म्हणजे एक इंचाच्या हिशेबाने नऊ. एकूण एकोणचाळीस, भागिले बारा, म्हणजे सव्वातीन घनफूट. दारं आणि घट मिळून साडेचार-पाच धरा. त्याला त्या दिवशीच्या भावाने गुणा आणि सुताराची मजुरी मिळवा. तेवढ्याच पैशांत नवं सागवानी कपाट होतं. जुन्याला त्याहून जास्त मोजत असाल, तर तो जास्तीचा पैसा वयाचा, घडणीचा किंवा आठवणीचा आहे हे स्वतःशी कबूल करून मोजा. मी आठवणीला मोजले आहेत, पस्तावलेलो नाही.

एक प्रकार मात्र दिसला तर सोडू नका: वकिली कपाट. एकावर एक रचता येणारे सुटे खोके, प्रत्येकाला स्वतंत्र काच, जी वर उचलून आत सरकवायची. ही कल्पना अमेरिकेतल्या ग्लोब-वर्निक कंपनीने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला जगभर लोकप्रिय केली आणि आपल्या सुतारांनी ती सागात उतरवली. बिऱ्हाड बदललं की पुस्तकं न काढता खोके उचलून न्यायचे. नागपुरातल्या अशा खोक्यांची उंची बहुधा चांगली ऐसपैस असते, कारण त्यात कायद्याच्या निवाड्यांचे जाडजूड खंड राहायचे. ‘ऑल इंडिया रिपोर्टर’ तर आपल्याच शहरातून निघतं. दिवाळी अंकांना ती उंची छान पुरते! घेताना सगळे खोके एकाच संचातले आहेत का, एकमेकांवर डळमळता बसतात की ठामपणे, आणि प्रत्येक काच शेवटपर्यंत सरकते का, एवढं बघा. वरची टोपी आणि तळाचा पाया हरवलेला असेल तर भाव निम्मा मागायला लाजू नका.

पाचवी पायरी : मधल्या काळातलं, आणि लोखंडी कपाटाची बाजू

मधल्या काळातल्या कपाटांना आपण उगाच ‘जुनाट’ म्हणून कबाडीला देतो. गोलाई दिलेल्या कोपऱ्यांची, सरकत्या काचांची, निमुळत्या पायांची सागवानी कपाटं पन्नास-साठच्या दशकांत घरोघरी होती. ती दहा-अकरा इंच खोल असतात, म्हणजे खरोखर पुस्तकांसाठीच केलेली. जुन्यापेक्षा स्वस्त, नव्यापेक्षा टणक. त्यांचं एकच दुखणं: सरकत्या काचेची खालची खाच झिजते. पाऊण इंची पट्टीत नवी खाच पाडून सुतार, आपले वाढई, अर्ध्या दिवसात ती बसवतो.

सरकारी लिलावातल्या फर्निचरकडेही नजर ठेवा. चंदीगडमध्ये वास्तुविशारद पिअर जनरेच्या देखरेखीखाली पन्नाशीच्या दशकात केलेली कचेऱ्यांची आणि वाचनालयांची लाकडी रॅक वर्षानुवर्षं भंगारात गेली आणि मग परदेशी लिलावांत त्यांना लाखोंचे भाव आले. आपल्या कचेऱ्यांत तसं घबाड नाही, पण पक्का साग असतो.

आणि लोखंडी कपाट. गोदरेजचं स्टोरवेल १९२३ साली आलं, तेव्हापासून मराठी घरात लग्न आणि लोखंडी कपाट ही जोडी आहे. काचेच्या सरकत्या दारांचं लोखंडी पुस्तक-कपाट दिसायला रुक्ष, मान्य. पण नागपूरच्या हवेत ते फुगत नाही, आकसत नाही, त्याला भुंगा लागत नाही. माझी सर्वांत जास्त वाचली जाणारी पुस्तकं लोखंडी कपाटातच आहेत. फक्त दोन गोष्टी. तळाच्या कडेला रंगाचे फोड आले असतील तर आत गंज आहे. नखाने खरवडून बघा, भोक पडलं तर घेऊ नका. दुसरं, उधई लोखंड खात नाही, पण लोखंडावरून नळी बांधत वर पुस्तकांपर्यंत जाते. म्हणून लोखंडी कपाटही भिंतीपासून दोन इंच दूरच हवं.

सहावी पायरी : नवं करायचं किंवा घ्यायचं असेल तर

नव्या कपाटात खरा प्रश्न रंग-रूपाचा नाही, फळी किती वाकेल याचा आहे. यामागचं गणित मजेशीर आहे. सारखी पुस्तकं लावलेल्या फळीची लांबी दीडपट केली तर तिचा मधला बाक पाचपट वाढतो. जाडी दुप्पट केली तर तो आठपट कमी होतो. म्हणून भुसा-बोर्डाच्या पाऊण इंची फळीला दोन फुटांवर आधार हवाच. त्याच जाडीचा प्लाय अडीच फुटांपर्यंत चालतो. एक इंची साग तीन फूट. याहून लांब हवी असेल तर मध्ये उभी फळी घ्या, किंवा फळीच्या पुढच्या कडेला दीड इंच रुंदीची सागाची पट्टी उभी ठोकून घ्या. ती पट्टी शोभेसाठी वाटते, खरं तर ती तुळई असते.

प्लाय घेताना शिक्का वाचा. ‘आयएस ३०३’ हा साध्या वापराचा, ‘आयएस ७१०’ हा उकळत्या पाण्याला टिकणारा, ज्याला दुकानात मरीन म्हणतात. सगळं कपाट मरीनचं करायची गरज नाही. तळाचा कप्पा, पाया आणि पाठ मात्र त्याचीच करा, कारण फरशी पुसण्याचं पाणी, कूलरची ओल आणि उधई तिघंही खालूनच येतात. कपाट जमिनीपासून तीन-चार इंच उचललेलं असावं. पूर्वी जाळीच्या कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवत, तोच विचार.

पाठ नसलेली, चौकोनी खोक्यांची किंवा शिडीसारखी टेकवलेली कपाटं फोटोत सुंदर दिसतात. पण पाठच कपाटाला डोलण्यापासून थोपवते. शिवाय आपल्याकडची मे महिन्यातली धूळ उघड्या पुस्तकावर दोन दिवसांत बोटाने नाव लिहिता येईल एवढी बसते. दहा-वीस पुस्तकं आणि एक मनीप्लांट एवढाच संसार असेल तर जरूर घ्या.

ऑनलाइन मिळणारी भरीव आंबा किंवा शिसम लाकडाची कपाटं वाईट नसतात. मात्र लाकूड पूर्ण सुकवलेलं नसेल, तर नागपूरच्या पहिल्याच उन्हाळ्यात रुंद फळी मधोमध तडकते. चौकटीच्या खाचेत दिलहा, म्हणजे मधली फळी, सैल बसवलेली दारं घ्या. फुगायला-आकसायला त्यात वाव असतो. रुंद फळीचंच दार असेल तर तिच्या कडा स्क्रूने आवळलेल्या नसाव्यात.

काच की उघडं? माझं मत काचेच्या बाजूने, पण पाठीत वर आणि खाली रुपयाएवढी चार-सहा भोकं पाडून घ्या, मागून बारीक जाळी लावा. बंद कपाटात पावसाळ्यात हवा कोंडते आणि पुस्तकांना कुबट वास येतो.

सातवी पायरी : घरी आणल्यावर

छोटा हाथी बोलावण्याआधी जिन्याचं वळण आणि लिफ्टची उंची मोजा. जुनी मोठी कपाटं बहुधा सुटी होतात. पाचरी शोधा, करवत नको. एका ओळखीच्या घरी साडेसहा फुटी कपाट दारातून आत जाईना म्हणून हमालांनी त्याचा नक्षीचा माथा कापला. माथा अजून सज्ज्यावर आहे.

कोकणातून, केरळातून किंवा कोलकात्याहून जुनं कपाट आणणार असाल तर नोव्हेंबर-डिसेंबरात आणा. दमट हवेतलं लाकूड थेट मेच्या भट्टीत आलं की फटाफट तडे जातात.

आल्यावर पंधरा दिवस ते रिकामं, इतर फर्निचरपासून लांब, काळ्या किंवा गडद कागदावर ठेवा. ताजी भुकटी पडली तर कीटकनाशकवाल्याला बोलवा. रॉकेल चोपडायचा सल्ला कोणीतरी देईलच. देऊ द्या, करू नका. वास वर्षभर जात नाही आणि कागदाने भरलेल्या कपाटाजवळ ते धोक्याचंही आहे. साफसफाई कोरड्या ब्रशने, मग किंचित ओलं फडकं, लगेच कोरडं फडकं. लाखेचं पॉलिश असेल तर मेण पातळ लावून घासा, एवढंच. मशीनने घासून ‘नव्यासारखं’ करणाऱ्याला दारातूनच नमस्कार करा.

पावसाळ्यात दार घट्ट बसू लागलं तर लगेच रंधा मारायचा नाही. ऑगस्टमध्ये रंधा मारलेल्या दाराला मेमध्ये बोट जाईल एवढी फट पडते. दिवाळीपर्यंत थांबा, तरीही घट्ट असेल तर मग मारा.

चार फुटांहून उंच कुठलंही कपाट, कितीही जड वाटलं तरी, वरून एल-पट्टीने भिंतीला बांधा. मुलं खालच्या कप्प्यांची शिडी करतात. जड पुस्तकं खाली, हलकी वर. कपाट आणि भिंत यात दोन इंच, पुस्तकं आणि पाठ यात एक इंच मोकळं. प्रत्येक कप्प्यात वेखंडाची पुरचुंडी किंवा वाळलेला कडुनिंब ठेवला तर कसर कमी लागते. डांबराच्या गोळ्या झोपायच्या खोलीत नकोत.

कूलरच्या दिवसांत एक खिडकी उघडी ठेवा, म्हणजे ओली हवा बाहेर जाते आणि घरही जास्त गार होतं. पावसाळ्यात उघडीप मिळेल त्या दिवशी, साधारण अकरा ते चारमध्ये, काचा तासभर उघडा. तेव्हाच तळाच्या कप्प्यातला कोपऱ्यातला गठ्ठा बाहेर काढून मागची भिंत बॅटरीने बघा. मी गेल्या श्रावणात बघितली, तेव्हा बोटभर लांबीची ओली मातीची नळी नुकती फरशीपासून निघाली होती आणि कपाटाच्या पायापर्यंत पोचायला तिला अजून वीतभर अंतर होतं.